सत्तर किलोचा चमत्कार

आधी कपातला चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हा किस्सा सांगताना एका मेजरसाहेबांच्या नाकातून चहा बाहेर आला होता, आणि त्यांच्या मिसेस मला त्या पांढऱ्या शर्टाबद्दल अजून ऐकवतात.

मला एक सांगा, माणूस फजित होतो तो कशात? ज्यातलं काही कळत नाही त्यात? छे! तिथे तो घाबरून, चार लोकांना विचारून, जपून पाऊल टाकतो. खरी फजिती होते ती ज्यातलं आपल्याला सगळं कळतं त्यात. आणि मला वजनातलं सगळं कळतं.

धंदाच तो माझा. मूळचा मी सांगलीचा. हळदीच्या पेठेत काट्याशेजारी बसून वाढलो, नववीत शाळेला रामराम ठोकला आणि वजनकाटे विकत विकत थेट चंदीगड गाठलं. सेक्टर बावीसमध्ये खाली दुकान, वर घर. खिशात कायम हुकाचा स्प्रिंगकाटा. कलिंगड घेताना काढायचा, रद्दी देताना काढायचा. आमची मुलगी झाली तेव्हा नर्सने सांगितलेल्या वजनावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी दुपट्याची झोळी करून… जाऊ द्या. शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्या विषयावर अजून बोलत नाही माझ्याशी.

तर या काट्याने मला आयुष्याचा एक नियम शिकवला होता. जड ते जातिवंत! कळशी असो, नारळ असो, नाही तर जावई. हातात घेतल्यावर जड लागला तर डोळे मिटून घ्यावा.

हा नियमच मला बुडवणार होता. ऐका.

काळ पंजाबातल्या अतिरेक्यांच्या धामधुमीचा. दिवेलागणीला बाजाराची शटरं खाली, चौकाचौकात नाके, बसमध्ये आधी सीटखाली वाकून बघायचं आणि मग टेकायचं. पण माणसं म्हणून काय जगायची थांबतात? आमच्या मराठी मंडळाचे हळदीकुंकवापासून कोजागरीपर्यंत सगळे कार्यक्रम व्हायचे, फक्त दुपारी तीन वाजता. कोजागरीसुद्धा! चंद्र आहे असं समजून दूध प्यायचं.

त्याच सुमारास मी कॉम्प्युटर घेतला. गिऱ्हाइकांना काट्याचे कागद छापून द्यायला, असं मी सांगायचो. खरं कारण असं की बाजारात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तो ठेवला वरच्या घरात, देवघराच्या खोलीत, कारण अर्थिंगवाला जाडजूड पॉइंट घरात तेवढा एकच. उन्हाळ्यात त्यावर कूलर चालायचा. एका कोपऱ्यात गणपतीचा देव्हारा, शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. दोघांना मिळून एकच भिंत.

आणि आली मेधा. लातूरची पोर, इथे डॉक्टरीचं वरचं शिक्षण घेत होती, हॉस्टेलवर राहायची, रविवारी आमच्याकडे वरणभात खायला यायची. एके दिवशी ताटावर बसून मुसमुसायला लागली. थिसिस टाइप व्हायचाय, सेक्टर चौतीसमधला टायपिस्ट गावी पळालाय, आणि दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी थिसिस जमा झाला नाही तर परीक्षा सहा महिने पुढे. आणि परीक्षा पुढे म्हणजे लग्न पुढे. पुण्यात कार्यालय ठरलेलं, नवरदेवाची रजा मंजूर झालेली!

मी छाती काढून म्हणालो, "अगं वेडे, काकाचा कॉम्प्युटर काय आरतीला ठेवलाय का?"

झालं. पोरगी रोज ड्यूटी संपवून दुपारी यायची, टाइप करत बसायची आणि सातच्या आत हॉस्टेलवर परतायची. पण लाइटचा भरवसा कुणी द्यावा? दहा पानं मारली, फ्लॉपीत घालायला गेली, की लाइट गेली. दहा पानं स्वाहा! पुन्हा पहिल्यापासून.

"काका, याला यूपीएस लागतो," मेधा म्हणाली. "बॅटरीचा डबा. लाइट गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवतो. पण घेताना लोड किती, मिनिटं किती, ते बघून घ्या हं."

"तू तुझे पेशंट बघ," मी म्हणालो. "खरेदी काकावर सोड."

इंडस्ट्रियल एरियात जोगिंदरसिंगांचा छोटा कारखाना होता. पूर्वी स्टॅबिलायझर बनवायचे, आता यूपीएस. पांढरी दाढी, कानामागे टेस्टर खोचलेला. चहा मागवला आणि म्हणाले, "दस्सो सेठजी, लोड किन्ना? कितने मिनट चलाना है?"

"लोड-वोड छोड़िए जी," म्हणत मी खिशातून काटा काढला, हुक डब्याच्या कडीत अडकवला आणि उचलला. "चौदह किलो."

सरदारजींच्या हातातला चहा हातात राहिला. "ओ बादशाहो! साडे इत्थे यूपीएस तोल के नहीं विकदे! आलू थोड़ी हैं!"

"सरदारजी, असली माल वज़न में बोलता है."

त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेकॅनिक आला, डबा बसवून गेला. आणि त्याच दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला, डबा बीप बीप ओरडायला लागला, आणि कॉम्प्युटर? चालू! मेधाने टाळ्या वाजवल्या. मी तर असा उभा होतो की जणू ती वीज माझ्या अंगातून निघत होती.

चार दिवस सुखाचे गेले. मग आली खंडेनवमी.

आता आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची म्हणजे करायचीच. सुताराने करवतीची, आणि काटेवाल्याने काट्याची. त्या वर्षी मी म्हटलं, सगळ्यात मोठं हत्यार तर वर बसलंय! आदल्या दिवशी बैठक मारली. कॉम्प्युटर पुसला, यूपीएस पुसला. मागे लांब वायरीचे दोन लाकडी एक्स्टेंशन बोर्ड होते, एक कॉम्प्युटरचा, एक देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याचा. दोन्ही मीच घाऊकात आणलेले, एका खोक्यातले. तेही काढून लख्ख पुसले. टेबलाखाली लाल कापड अंथरलं, सगळं जिथल्या तिथे लावलं, झेंडूचे हार घातले. यूपीएसला तर मी कुंकवाचं बोट लावलं आणि कचनारची दोन पानं वाहिली. हो, इथे आपटा कुठला? कचनार आपट्याचा चुलतभाऊ, त्याच्यावर भागवायचं.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी मेधा टाइप करत होती. चौथ्या प्रकरणाची अकरा पानं झालेली. लाइट गेली. डबा ओरडला, बीप बीप! आणि पडदा काळाठिक्कर.

"काका…" एवढंच म्हणाली हो पोरगी.

मी डब्याला थोपटलं, हलवलं, एक हलकीशी चापटही मारली. डबा आपला इमानेइतबारे ओरडतोय. काम मात्र शून्य!

नेमक्या त्याच वेळी आमच्या मंडळातल्या कर्नलीणबाई पुरणयंत्र परत द्यायला आल्या होत्या. कर्नलसाहेबांची चार राज्यांत बदली झाली, पण या बाईंचा आवाज कुठेच कमी पडला नाही. त्या दारातच ओरडल्या, "अगंबाई शैला! दिवा बघ तुझ्या बाप्पाचा!"

सगळं घर अंधारात, बाहेर सगळा सेक्टर अंधारात, आणि गणपतीपुढचा लाल दिवा शांतपणे तेवतोय!

शैलाने हात जोडले. "अहो, बघितलंत का?"

"बघितलं," मी चिडून म्हणालो. "दोन फेज असतात घरात. एक गेली, एक राहिली. यात काय बघायचं?"

बघा, किती शहाणा माणूस! सगळ्याचं उत्तर तयार. शैला म्हणाली, "मग आख्ख्या बाजाराची गेलीय ती?" त्याचं उत्तर तयार नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा काढून घेतला आणि सरळ इंडस्ट्रियल एरिया गाठला.

जोगिंदरसिंगांनी माझ्यासमोर त्या डब्यावर शंभराचे दोन बल्ब लावले. दोन्ही भकाभक पेटले.

"माल ठीक है, सेठजी."

"यहाँ ठीक है. मेरे घर में नहीं."

"घर में कुछ छेड़ा?"

"कुछ नहीं जी! सिर्फ़ पूजा की."

त्यांनी दाढी कुरवाळली. "कुछ हिलाया?"

"पूजा की, बोला ना!" मी म्हणालो. मग माझी नजर शेजारच्या मोठ्या डब्यावर गेली. हात काट्याकडे गेला. सव्वीस किलो! "ये दे दो."

"इतने की ज़रूरत नहीं है जी."

"सरदारजी, ज़रूरत मैं देखूँगा."

सव्वीस किलोचा डबा आला. मी स्वतः बसवला, जुन्याच्या जागी नवा. त्या दुपारी लाइट गेली. बीप! पडदा काळा! मेधाची सात पानं गेली. आणि बाप्पाचा दिवा? आधी पाऊण तास टिकला होता, आता दोन तास झाले तरी हलेना!

कर्नलीणबाईंनी कारण लगेच शोधलं. "परवा पाऊण तासात विझला, कारण नैवेद्य नव्हता. काल मी एकवीस मोदकांचा नेम धरला. बघा आता!"

मग काय विचारता! आर्मीतल्या बायका आल्या, एअरफोर्सच्या आल्या, युनिव्हर्सिटीतल्या एका प्राध्यापकबाई तर आपण अंधश्रद्धा मानत नाही असं तीनदा सांगून नारळ घेऊन आल्या. दुपारी चारला लाइट जायची वेळ, शिवाय अधूनमधून न सांगता जायची ती वेगळी. साडेतीनपासून जिन्यावर चपलांचा ढीग. लाइट गेली की इकडे अथर्वशीर्ष, तिकडे यूपीएसची बीप बीप. कुणीतरी म्हणाली, "ऐका, ठेका धरलाय जणू! टाळच वाजतायत!"

आणि त्या गर्दीत एका खुर्चीवर मेधा, काळ्या पडद्यासमोर, गालावर हात ठेवून. तिला कुणी मोदक द्यायचं, ती खायची आणि लाइट आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करायची.

मी का नाही कुणाला थांबवलं? आता तुमच्यापासून काय लपवायचं! जिना माझ्या दुकानातून वर जायचा, आणि भक्तांपैकी तिघींनी जाताना किचनकाटे घेतले होते.

पण पोरीचा चेहरा बघवेना. शेवटचा आठवडा उजाडला. मी पुन्हा जोगिंदरसिंगांकडे गेलो आणि म्हणालो, "आपके पास सबसे भारी कौनसा है?"

त्यांनी ताडपत्री बाजूला केली. आत पेटाऱ्याएवढी पेटी, खाली चाकं, पोटात ट्रकच्या दोन बॅटऱ्या. "सेठजी, इस पे पूरा बैंक चल जाए."

"वज़न?"

"सत्तर किलो तों घट्ट नहीं."

म्हणजे सत्तरच्या खाली नाही, आणि माझ्या स्प्रिंगकाट्याची तर पन्नासच्या पुढे बोलतीच बंद होती. आयुष्यात पहिल्यांदा मी वजन ऐकून माल घेतला. यावरून माझी अवस्था समजा!

टेम्पोत घालून निघालो. मोठ्या रस्त्याला न जाता आतून घेतलं, तरी वाटेत नाका लागायचा तो लागलाच. जवानाने हात केला. टेम्पो थांबताना खड्ड्यात आदळला, आणि पेटीचं बटन कशाला तरी लागून चालू झालं.

बीप. बीप. बीप.

त्या दिवसांत, त्या शहरात, झाकलेल्या पेटीतून बीप बीप! क्षणात नाका रिकामा. जवान वाळूच्या पोत्यांमागे, टेम्पोवाला टेम्पोखाली, आणि रस्त्यावर मी एकटा, हात वर.

"हिलना मत!" पोत्यांमागून आवाज आला.

"आई आई गं! मेलो! याचं बटन कुठं गेलं रे देवा!" घाबरल्यावर हिंदी कुठली सुचायला?

पोत्यांवरून हेल्मेट थोडं वर आलं. "आं? मराठी का काय?"

"सांगली!"

"मी कराडचा! पण पाव्हणं, आधी बटन बंद करा, मग गावाकडचं बोलू!"

बटन सापडलं. मंडळी बाहेर आली. कराडकराने पेटीभोवती दोन चकरा मारल्या. "हे एवढं धूड कशापायी?"

"कॉम्प्युटर चालवायला."

"किती कॉम्प्युटर हायती?"

"एक."

शेळीचं करडू न्यायला हत्ती आणलेल्या माणसाकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत राहिला. मग अजून टेम्पोखालीच असलेल्या ड्रायव्हरला म्हणाला, "निकलो भाई, चाचा को घर पहुँचाओ."

चौघांनी मिळून पेटी जिन्यावरून चढवली. मी लावली. बुधवारी चारला लाइट गेली. सांगू का काय झालं?

बीप. पडदा काळा. आणि दिवा असा जळतोय की विझायचं नाव नाही! लाइट परत आली तरी तो तसाच तेवत होता. कर्नलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. "भाऊ, तुमच्या घरात तेज वाढत चाललंय!"

मेधा उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, "काका, राहू दे. सहा महिने म्हणजे काही जन्म नाही. मी आज घरी फोन करून सांगते."

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तसाच गेलो कारखान्यात आणि सगळ्या कामगारांसमोर ओरडलो, "सरदारजी, ये धोखा है!"

जोगिंदरसिंगांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. "सेठजी, माल वापस दे दो, सारे पैसे वापस लै लो. पर धोखा ना कहो. आजकल वैसे ही लोग हमें बहुत कुछ कहते हैं." त्यांनी चष्मा पुसला. "कल मैं आप आवांगा. अपनी अक्खां नाल देखांगा."

परत येताना मला माझंच वजन जास्त वाटत होतं.

गुरुवारी साडेतीनला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला स्कूटरवरून आले. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा दिवस म्हणून मेधाला शैलाने हट्टाने बोलावून बसवलं होतं. सरदारजींनी दारात जोडे काढले, भिंतीला टेकून उभे राहिले, कुणी दिलेला मोदक खाल्ला.

चारला लाइट गेली. बीप. पडदा काळा. दिवा लाल! "गणपती बाप्पा मोरया!" आख्खी खोली गरजली.

जोगिंदरसिंगांनी गणपतीला हात जोडले, डोकं टेकवलं. मग खाली वाकून दिव्याच्या वायरला बोट लावलं आणि बोट वायरीवरून सरकवत निघाले. देव्हाऱ्यामागून टेबलाखाली, लाल कापडाखालून, माझ्या कचनारच्या पानांवरून… आणि बोट येऊन थांबलं सत्तर किलोच्या पेटीपाशी.

मग त्यांनी कॉम्प्युटरची वायर धरली. ती गेली थेट भिंतीतल्या पॉइंटमध्ये.

बायकांच्या माना टेबलाखाली वाकल्या.

"सेठजी," ते हळूच, अगदी आदराने म्हणाले, "रब्ब जी दी बत्ती तां बैंक वाली पेटी पे लगी है. थोड़ा परशाद कंप्यूटर नूं वी दे दो."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, एका खोक्यातले दोन बोर्ड पुसून "जिथल्या तिथे" लावणारा तो महापुरुष तुमच्यासमोर बसलाय. आणि नंतरच्या दोन्ही पेट्या बसवताना मीच मोठ्या निष्ठेने, जुनीत जे होतं तेच नवीत लावत गेलो होतो!

त्यांनी बोर्डांची अदलाबदल केली. लाल दिवा विझला. पडदा उजळला. शैला आधी हसली, मग मेधा हसली, मग हसत हसत रडली, आणि रडत रडत टाइप करायला बसली. जोगिंदरसिंग सातपर्यंत तिथेच स्टुलावर बसून राहिले, पुन्हा कुणी पूजा करू नये म्हणून. मेधाला हॉस्टेलवर त्यांनीच सोडलं.

शुक्रवारी दुपारी थिसिस जमा झाला. सत्तर आणि सव्वीस किलोवाले परत गेले, चौदा किलोवाला राहिला. तेवढा पुरेसा होता, हे सरदारजी सव्वीस किलोवाला घेतानाच सांगत होते. मी त्यांची माफी मागायला चकल्यांचा डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा हातावर तोलला आणि म्हणाले, "पौने दो किलो. असली माल!"

कर्नलीणबाई मात्र मला माफ करायला तयार नव्हत्या. "भाऊ, बाप्पाचा दिवा काढून यंत्राला दिलात. शोभतं का?"

असो. पुढे काही वर्षांनी एअरफोर्समधले एक तरुण अधिकारी नागपूरहून बदलून आले. घरी जेवायला बोलावलं, तर म्हणाले, "काका, काल मी यूपीएस घ्यायला गेलो होतो, इंडस्ट्रियल एरियात. म्हातारे सरदारजी आहेत एक. तीन प्रश्न विचारतात. लोड कितना? मिनट कितने? आणि तिसरा, घर में मंदिर किस दीवार पे है?"

"मंदिर?" मी म्हणालो.

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, इथे एक मराठी सेठ होता, त्याने यूपीएस काट्यावर तोलून घेतला, पूजा केली आणि तीन आठवडे आख्खी बॅटरी देवाला लावून आमच्याशी भांडला!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "काय पण बावळट माणूस असेल हो!"

शैला भाताचं पातेलं घेऊन आत येत होती. माझ्या पानात डाव उलटा करत ती शांतपणे म्हणाली, "बावळट नका म्हणू हो त्यांना. वजनदार माणूस आहे."